दाब, धर, सोड

तिसरा रविवार.
विडी घरकुलातल्या आमच्या गल्लीत
मारुती पुन्हा विटांवर.
मागची दोन्ही चाकं भिंतीला टेकवलेली,
चार-चार नट चहाच्या बशीत.
बशी भूदेवीची, लग्नातल्या सेटमधली शेवटची.
ती काही बोलली नाही.
बशीकडे पाहिलं फक्त.

ऊन व्हायच्या आत उरकू म्हणालो होतो,
तेही मागच्या रविवारी.
आता नऊ वाजलेत, अन् पत्रा हाताला डसतोय.

पस्तीस वर्षं मी जॉबर.
अशोक चौकापलीकडच्या कारखान्यात
बंद पडू पाहणारा माग नुसत्या कानाने ओळखायचो.
धोटा कुठे अडतोय, पट्टा कुठे सैल,
टॉवेलावरचा मोर कुठल्या धाग्यावर लंगडणार.
म्हणून गॅरेजवाल्याला पैसे द्यायला जीव होत नाही.
म्हणूनच तर गाडी विटांवर आहे.

पहिल्या रविवारी मी म्हणालो, पॅड.
नवे पॅड घातले. पेडल तसंच.
दुसऱ्या रविवारी म्हणालो, मागचे ड्रम.
ड्रम निघेना.
रॉकेल सोडलं, हातोडी चालवली,
मग शिव्या, त्याही कन्नडमध्ये,
कारण तेलुगू अन् मराठी गल्लीतल्या पोरांना कळतं.
निघाला तेव्हा आतली स्प्रिंग उडाली,
गाजुलांच्या पत्र्यावर टण्णकन वाजली,
अन् गाजूल मामा बाहेर आला सल्ला घेऊन.
स्प्रिंग सापडली.
सल्ला अजून चालू आहे.

आत सगळं कोरडं ठणठणीत.
रात्रभर कण्हणाऱ्या माणसाचा
रिपोर्ट नॉर्मल यावा,
तसा राग आला मला त्या सिलिंडरचा.

मग हवाच. दुसरं काय असणार?
ती आत बसली, पाय पेडलवर.
मी चाकामागे आडवा,
निपलला सलाइनची नळी,
नळीचं टोक शेंगातेलाच्या रिकाम्या बाटलीत.
दाब. धर. सोड.
दाब. धर. धर म्हटलं ना!
सोड.
कारखान्यातला आवाज लागला होता माझा.
मागाच्या खडखडाटात ओरडावं लागायचं,
इथे गल्ली शांत होती.

बुडबुडे आले, संपले. तेल निखळ आलं.
"आता?"
"घट्ट हाय. पण धरून ठेवलं की
हळूहळू खाली जातंय ओ."
"तुझा पाय सरकत असेल."

म्हणालो, अन् माझं मलाच ऐकू आलं.
पहिल्या रविवारीही ती हेच म्हणाली होती.
अन् मीही हेच.

"तुम्ही बसा आत," ती म्हणाली.
बसलो. दाबलं. धरलं.
तीन आठवडे मी ही गाडी खालूनच पाहत होतो.
पेडल घट्ट लागलं, क्षणभर थांबलं,
मग बसल्या जागी डोळा लागलेल्या माणसाची
मान कलंडावी, तसं
सावकाश बुडत गेलं माझ्या पायाखाली.

जमिनीवर थेंब नाही. चाकाला थेंब नाही.
तेल बाहेर पडतच नव्हतं.
मास्टर सिलिंडरमधलं रबर झिजलेलं,
त्याच्या कडेवरून
आतल्या आत मागे परतत होतं.

दिवसाला हजार विड्या वळायची ती.
सैल विडी अंधारातही बोटांना कळते तिच्या.
पायाला कळली, एवढंच.
मी "बरोबर होतीस" म्हणायला तोंड उघडलं
तर गाजूल मामा म्हणाला,
"मी म्हणत होतो, रबर."

किटचं दुकान उद्या उघडेल.
नळ बुधवारी येणार.
तिने पिंपातलं पाणी काढलं,
माझ्या काळ्या हातांवर तांब्या तिरपा धरला,
धार बारीक, मोजून.
मग बशी उचलली,
नट एकेक करून विडीच्या डब्यात टाकले.

"सात," ती म्हणाली.

आठ हवेत.
मी पुन्हा मोजले नाहीत.
गुडघे टेकून गाडीखाली वाकलो.