रकाना सातवा

खात्याच्या छापील तक्त्यात अकरा रकाने.
गाव : रिवण. दगड : जांभा.
दारं दोन, एक वरून, एक खालून,
खालचं इतकं ठेंगणं
की आत शिरायचं तर आधी मान द्यावी लागते.
रकाना सातवा : प्रयोजन.
तिथे माझ्याआधीच्या तिघांनी लिहिलंय
'अज्ञात', 'अज्ञात', आणि तिसऱ्याने नुसतं 'वरीलप्रमाणे'.

टेपचं एक टोक माझ्याकडे,
दुसरं बाबांच्या हातात.
पुनो वेळीप, वय एकाहत्तर,
चाळीस वर्षं चिरेखाणीत,
अक्षर सहीपुरतं.
गाभण गाईची कूस चाचपावी
तसा ते भिंतीवरून तळवा फिरवतात.
"हा डावखुरा होता गो बाय.
घाव बघ कुठे कलंडलेत.
आणि हा इकडचा नवशिका.
जांभा ओला असतो तोवरच ऐकतो,
वारं लागलं की कुणाच्या बापाचा नाही.
ह्याने उशीर केला."

पुस्तकात रिवणला दीड ओळ आली आहे.
'येथे बहुधा बौद्ध भिक्षूंचे वास्तव्य असावे.'
बहुधा. असावे.
दोन टेकूंवर उभी केलेली कित्येक शतकं.
पोथ्या असल्याच तर ताडपत्राच्या,
आणि आमच्या वाळवीला
पाली काय, संस्कृत काय,
चव एकच.

मग इथे काय शिकवत, कसं कळावं?
बाबा खालच्या दारातून आत वाकले
आणि धुळीने खोकले.
तो खोकला भिंतींना शिवत
माझ्यापाशी तीनदा आला.
"पाठांतराला बरी जागा," आतून आवाज,
"एकाने म्हणायचं, दगडाने घोकायचं."

मला उगाच दिसला एक पोरगा,
चांदरहून बैलाच्या पाठीवर मीठ घेऊन आलेला.
मीठ उतरवलं, बैल सोडला,
आणि 'जरा ऐकून जातो' म्हणून टेकला
तो पावसाळाभर.
रात्री अंगठे धरून बसलेला,
तोंडात दुसऱ्याच देशातली वाक्यं,
ओठांवर अजून खारट चव.

कोनाड्याखाली बारीक रेघा होत्या.
मी श्वास धरून मोजल्या : चौऱ्याऐंशी.
वर्षावास तीन महिन्यांचा,
म्हणजे शेवटचे पाचसहा दिवस कुठे गेले?
ताप? पूर? घरची आठवण?
बाबांनी नखाने रेघ खरवडली.
"दिवस कसले? छिन्नीला धार आली का
बघायला मारतात असं.
मी पण मारायचो."
मी वहीतलं पान दुमडलं.

बाहेर कुळागराच्या पाटात पाणी सुटलं होतं.
वरच्या रस्त्याने खनिजाचा ट्रक गेला,
छतातून चिमूटभर लाल माती
सुटून तक्त्यावर पडली,
बरोबर सातव्या रकान्यात.
मी फुंकली.
"तिथे काय लिहिलंय?" बाबांनी विचारलं.
अज्ञात.
"म्हणजे?"
म्हणजे माहीत नाही.
"कुणाला?"

उत्तराची वाट न बघता
ते मागच्या खोलीकडे रांगत गेले,
अर्धवट सोडलेल्या.
हात धरून माझी बोटं त्यांनी भिंतीवर ठेवली.
इथे घाव वाकडे. इथे वाकडे. इथे एकदा निसटलाय,
बहुतेक बोटावर.
मग हातभर अंतरावर, कोपऱ्यात,
एक सरळ, खोल, निवांत रेघ.

"इथे त्याला जमलं," बाबा म्हणाले,
आणि टेप सोडून
बराच वेळ तिथेच बसले.