लंगडी

तेहेतीस वर्षं मी पालिकेत चावीवाला होतो.
पहाटे साडेचारला रस्त्यातलं झाकण उचलायचं,
लांब चावी घालून सतरा आटे फिरवायचे,
की चेंबूरच्या अडीच हजार घरांत बादल्या बोलू लागायच्या.
पाणी कुठून येतं विचाराल तर
तानसा, वैतरणा, भातसा, तोंडपाठ सांगेन.
मी स्वतः ज्या पाण्यावर वाढलो
ते पालिकेच्या नकाशात कुठेच निळं नव्हतं.

तुर्भ्याच्या डोंगराखाली आमचं तिझरं.
आधी पाणी, मग गाव.
म्हणतात, मिठाच्या गाडीचा एक बैल इथे अडून बसला
खडकाला जीभ लावून.
मालकाने आर टोचली, शेपटी पिरगाळली,
शेवटी स्वतःच ओणवा होऊन चाटून पाहिलं.
पुढच्या वर्षी तिथे त्याची चूल होती.

थोरली आगऱ्यांची, तिला शेंदूर.
मधली किरिस्तांवांची, तिच्या कपारीत मेणबत्तीची काजळी.
आणि खाली, ओढ्याच्या दगडांत, लंगडी.
एक ठिबका, मग थांबा.
एक ठिबका, मग थांबा.
हंडा भरायला दुपार जायची.
ती आमची.
कुणी दिली असं नाही. उरली, म्हणून आमची.

येसूआत उन्हात बसून ठिबके मोजायची,
वरच्या झऱ्यांवर घागरींचा खणखणाट चाललेला.
म्हणायची, पायाने अधू पोर
घर सोडून लांब जात नाही.

मग डोंगरापलीकडे सुरुंग लागू लागले.
कसला तरी कारखाना यायचा होता.
फळीवरची भांडी आपोआप खाली उतरली,
थोरली आठ दिवसांत आटली,
मधली महिन्याभरात.
वर गाऱ्हाणं घातलं, कोंबडा दिला, नोव्हेना झाली.
खाली एक ठिबका, मग थांबा.

एका तिन्हीसांजेला पारू भोईरीण
हंडा कमरेला लावून उतरली
आणि दहा पावलांवर उभी राहिली.
बरोबर दहा.
इतकी वर्षं तिच्या झऱ्यापासून आम्ही जिथे उभे राहायचो तेवढ्यावर.
अंतर तिला पाठ होतं, फक्त पलीकडच्या बाजूने.

येसूआत मान वर न करता म्हणाली,
उभी काय राहिलीस? पाळी धर.
तुझ्यापुढे नऊ हंडे आहेत.

दोन उन्हाळे तशी रांग होती, रात्रीची सुद्धा.
हंड्याला हंडा लागायचा
आणि त्यावरून भांडणंही व्हायची, नाही असं नाही.
तिसऱ्या वर्षी गल्लीच्या तोंडाशी नळ आला,
जो तो आपापल्या आळीत परतला.
इनास परेराची रेमेदी तेवढी येत राहिली.
नळावर भांडायला वेळ मिळतो, म्हणायची,
बोलायला मिळत नाही.

आता तिथे टॉवर आहेत.
बसच्या थांब्यावर गावाचं नाव उरलंय,
तेही रंगवणाऱ्याने 'तिसरं' असं लिहिलेलं.
नवे लोक विचारतात, पहिलं आणि दुसरं कुठे?

माझा भाचा विलास तिथे पहारेकरी आहे.
मामा, म्हणाला, दुसऱ्या तळघरातली भिंत पाझरते,
तीनदा वॉटरप्रूफिंग केलं,
लाखभर रुपये गेले, तरी पंप लावावा लागलाच.
तो पण बिघडलाय. एकसारखा चालतच नाही.

काल उतरलो. गाड्यांच्या रांगा,
ट्यूबलाइटचा पांढरा उजेड, कोपऱ्यात खड्डा, खड्ड्यात पंप.
घर्र, मग थांबा.
घर्र, मग थांबा.
उपसलेलं पाणी सरळ गटारात.

भिंतीला ओंजळ लावली.
चव सिमेंटची, थोडी गंजाची. खोटं कशाला सांगू.
पण मधला तो थांबा
जगातल्या कुठल्याच चावीने होत नाही,
हे तेहेतीस वर्षं आटे फिरवलेला माणूस सांगतोय.

सोसायटीचा मॅनेजर धावत आला.
मी दुरुस्तीवाला असं समजून विचारलं,
काका, किती वेळ लागेल?

मी भिंतीशी उकिडवा बसलो.
म्हटलं, दुपार जाईल.