वजा वीस

इन्नोशिमा बेटावर, गोदीच्या तिसऱ्या मजल्यावर
हिसानो मोरिवाकी एक जहाज काढते आहे,
जळणारा बर्फ वाहणारं.

बर्फ म्हणजे गोळ्या, लाव्याच्या अंड्याएवढ्या.
पाण्याने हातात हात गुंफून केलेले पिंजरे
आणि आत कोंडलेला वायू.
काडी लावली की पेटतो,
खाली बशीत पाणी साचतं.
पाहुणे टाळ्या वाजवतात.
हिशेबनीस सुगिहारा वाजवत नाही.
"शंभर टनांत पंच्याऐंशी टन पाणीच ना?
समुद्रावरून पाणी न्यायला जहाज?"

ती पेन्सिलीला टोक करत राहते.

मोठ्या विहिरींसाठी मोठी जहाजं आहेतच,
वजा एकशे बासष्टची, भारी पोलादाची.
पण लहानसहान विहिरी, ज्यांच्याकडे कुणी वळून बघत नाही,
त्यांना एवढी थंडी कुठून परवडायची?
हिला वजा वीस पुरे.
खालच्या मासळीबाजारातल्या शीतगृहाइतकी.
गोळीचा वरचा पापुद्रा वितळतो, थोडा वायू निसटतो,
उरलेलं पाणी तिथेच पुन्हा गोठतं
आणि दार लावून घेतं.
झाकली मूठ.

अडचण वेगळीच निघाली.
तिने उंच नळकांड्यात गोळ्या भरल्या, वर वजन ठेवलं.
दहाव्या दिवशी तळाला गोळ्या नव्हत्याच,
एकच ढेकूळ होतं. पहार घातली तरी हलेना.
त्या दिवशी ती जेवली नाही.

कुरामित्सु आजोबांनी ओनोमिचीच्या धक्क्यावर
चाळीस वर्षं सोयाबीन उतरवलं.
त्यांनी नकाशा उलटा धरला, मग सुलटा, मग म्हणाले,
"पडून राहिलं की धान्य रुसतं, पोरी.
तळातलं रोज थोडं काढायचं, वर टाकायचं.
त्याला वाटलं पाहिजे, आपण अजून वाटेत आहोत."
आणि हास्साकू सोलून अर्धं तिच्यासमोर ठेवलं,
आंबट, बियांनी भरलेलं.

रात्रभर तिने तळाचा उतार वाढवला,
पोटातून वर जाणारा एक हळू पट्टा काढला,
दिवसाला एक फेरा.
मग, मागाहून सुचल्यासारखी, परतीची रेघ:
वायू उतरवल्यावर उरलेलं पाणी
जहाज तोल सांभाळायला पोटात ठेवील,
तिकडे नेऊन पुन्हा गोठवील.
"तेच पाणी जाईल, तेच येईल," ती सुगिहाराला म्हणाली,
"त्याचं भाडं कुणाच्या नावावर लिहायचं ते तुम्ही बघा."
तो पहिल्यांदाच हसला.
अंदाजपत्रक मात्र नाहीच हसलं.

आता नकाशे चौथ्या खणात आहेत.
मी नवा आहे, मला खणाची किल्ली दिली आहे.

काल सगळे गेल्यावर तिने शीतपेटीतून
एक गोळी काढली, कुणाच्या तरी बांगड्यांच्या पाकिटामागून,
माशांच्या, आणि मूठ मिटून माझ्या कानाशी धरली.
आत बारीक तडतड चालली होती,
दूरच्या घरात कुणी फोडणी घालावी तशी.

मूठ उघडली. तळवा ओला होता.
वास कसलाच नव्हता.
"गेलं," ती म्हणाली, आणि दिवा मालवायला उठली.