मांगराचं जोतं

आठ बाय दहाचा मांगर.
आत काय, तर चाकांचा फवारणी पंप, दोन कोयते, घमेली,
कलमांच्या पिशव्या, आणि रमाकांतची ती मोडकी आरामखुर्ची
जी तो टाकू देत नाही.
एवढ्यासाठी पाया किती खोल?

कणकवलीच्या ठेकेदाराने मोबाईलवर आकडा पाठवला:
सळी, सिमेंट, खडी, मजुरी.
वाचेपर्यंत चहा निवला.
शिवाय मिक्सर आमच्या पाणंदीत शिरणार कसा?
तिथून गाभण म्हैससुद्धा अंग चोरून जाते.

लोखंडी घोडे? खारा वारा
दोन वर्षांत त्यांचे पापुद्रे काढतो.
सागाचे खांब मातीत? वाळवी आधी खाते,
साग होता का ते मग विचारते.

लवू मेस्त्रीने कागद बघितलाच नाही.
उकिडवा बसला, मूठभर माती चोळली.
"पाणी खंयसून येता, खंय जाता, ता आधी सांग.
मांगर मगे बघूया."
मला सांगता येईना.
सात वर्षं इथे राहते मी.

चिरेही त्यानेच शोधले.
रस्ता रुंद करताना पाडलेला एसटीचा थांबा
तिठ्यावर ढीग होऊन पडला होता.
बारा रुपये नग.
एकेकावर कोयत्याची मूठ आपटून त्याने कान लावला,
बद्द वाजले ते बाजूला. अठरा घेतले.

सहा खड्डे. तळाला मुरूम, चोपून चोपून.
वर तीन-तीन चिरे, मधून पाणी मोकळं.
मग नळी पाण्याने भरून
एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या.
"सांग."
"जरा खाली."
"आता?"
फणसाच्या दोन बाजूंना, एकमेकांना न दिसता,
आम्ही नळीतल्या बोटभर पाण्याकडे बघत उभे.

शेवटच्या चिऱ्यावर निळा रंग निघाला,
उलटी अक्षरं: निवा.
पुढचा रा कुठल्या ढिगात गेला कोण जाणे.
दोन बॅगा आणि चिकूचं रोप घेऊन उतरले तेव्हा
रमाकांत येईस्तोवर पाऊण तास
मी ह्याच भिंतीला टेकले होते.
"सुलटो करू?" लवूने विचारलं.
राहू दे म्हटलं. खाली वाकून कोण वाचतंय.

खर्च कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलाय.
खांबांखालचे रबराचे सहा तुकडे त्यात नाहीत,
टायरवाल्याने ते तसेच दिले.

मागचा कोपरा अर्ध्या बोटाने उंच झालाय.
नळीत बुडबुडा होता, लवू म्हणतो.
पंप आत ठेवला की हळूहळू दाराकडे येतो.
मी चाकाखाली सोडण सारते.