तीन नंबरची खोली

तीन नंबरच्या खोलीत जमीन उतरती आहे,
आधीच सांगून ठेवते. पेन्सिल पडली
तर खिडकीखाली शोधा, दुसरीकडे नसेल.
दुरुस्त का करत नाही, हे सगळेच विचारतात.
बसा. ब्रेडला अजून वेळ आहे.

हे घर मुळात इथलं नाही.
धुकं हललं की समोर बेट दिसेल,
मेंढीच्या पाठीएवढं. तिथलं.
माझे वडील, बेलार्मिनो, दक्षिणेला गेले मेंढ्या कातरायला,
एका हंगामापुरते. मी पाळण्यात होते.
पहिल्या वर्षी पैसे आले, दुसऱ्या वर्षी एक घोंगडी,
मग काहीच नाही.

एका वादळी रात्री ओनोफ्रे नावाचा माणूस अडकला,
शिवणयंत्राच्या सुया विकणारा.
आईने त्याला पिठाच्या पोत्यांशेजारी जागा दिली.
सकाळी तो गेला, तर कपाखाली नाणी.
तिला आधी रागच आला. पाहुण्याने पैसे ठेवावेत?
मग तिने ती मोजली.
पुन्हा मोजली.
आणि दिवसभर पलीकडच्या धक्क्याकडे बघत राहिली,
जिथे बोट लागते, जिथे माणसं
रात्र कुठे काढावी म्हणून पेट्यांवर बसून असतात.

ती माणसं काही बेटावर येणार नव्हती.
घर मात्र नेता येतं.

आम्ही चिलोएची माणसं याला मिंगा म्हणतो.
शेजारी येतात, मजुरी घेत नाहीत, फक्त पोटभर जेवतात.
बत्तीस माणसं, सहा बैलजोड्या,
घराखाली ओंडके, भोवती दोर,
किनाऱ्यापर्यंत अख्खा दिवस. मग भरतीची वाट.
मग चार होड्या पुढे आणि मागे आमचं घर,
खालच्या खिडक्यांपर्यंत पाण्यात.
एदेलमिरा, उतर खाली, सगळे ओरडले.
ती कशाची उतरते! लोखंडी चूल तिने माडीवर चढवली होती,
नळी खिडकीतून बाहेर काढून,
आणि बत्तीस जणांचे बटाटे रटरटत होते.
मी सहा वर्षांची. मांडीवर घड्याळ.
मला काम एकच: हे बंद पडू द्यायचं नाही.

काठावर चढवताना एक दोर तुटला.
त्याची ही उतरण.
त्याच आठवड्यात तिने दाराला पाटी ठोकली.
खोल्या तीन, चादरी दोन.

बारा वर्षांनी वडील परत आले.
आधी बेटावर गेले.
चार कोपऱ्यांना चार दगड, मधे गवत.
जळालं असतं तर राख असती, ते सांगायचे,
पडलं असतं तर फळ्या. मला वाटलं
मीच चुकीच्या बेटावर उतरलो.

रात्री इथे दारात उभे, टोपी हातात.
आईने नोंदवही पुढे सरकवली.
नाव. कुठून आलात. किती रात्री.
नाव लिहिलं. दुसरा रकाना कोरा सोडला.
तिसऱ्यापाशी थांबून तिच्याकडे पाहिलं.
"ते पाहुण्याने लिहायचं असतं," ती म्हणाली.
त्यांनी लिहिलं: एक.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा: एक.
छपराच्या फळ्या बदलत, जळण फोडत,
भाडं फेडत राहिले अकरा वर्षं,
रोज एक.
तीन नंबरमध्येच. खाट घसरायची,
तिच्या पायांखाली त्यांनी पाचरी मारल्या.
जमीन सरळ करून देतो, म्हणाले होते एकदा.
आई नको म्हणाली.

प्रेम होतं की माफी, मला विचारू नका,
मी तेव्हा भांडी घासत होते.
त्यांच्या शेवटच्या ओळीपुढे तिच्या अक्षरात काहीतरी आहे.
"बाकी" एवढं लागतं.
पुढे "आहे" की "नाही", नेमका तिथेच डाग.
माझ्या मते तो बटाट्याच्या रश्शाचा.

झाला वाटतं ब्रेड.
ही वही नवी आहे, घ्या, लिहा.
दुसरा रकाना भरलाच पाहिजे असं नाही.
गरम पाणी सातनंतर.
आणि पेन धरून ठेवा,
टेबलही जरा तिकडेच कलतं.