खुंट्यापर्यंत

पर्वरीला तिसऱ्या मजल्यावर रात्रपाळीत
मी वाहतूक वळवते.
गाड्यांची नाही. चोडणात कोणी पिक्चर लावला
तर तो फ्रँकफुर्टहून न येता मुंबईहून यावा,
एवढंच.
त्यासाठी एक तक्ता घेतलाय, वर्षाच्या कराराने:
हा आकडा इथला, तो आकडा तिथला.

तक्त्यानुसार माझं घर मांडवीत आहे,
फेरीच्या वाटेवर, रायबंदर मागे पडतं तिथे.
सोबत चार हजार ग्राहक,
सगळे बुडालेले, सगळे ऑनलाइन.
शिरवईकर म्हणतात, चालतंय, वळवायला तेवढं पुरतं.

धक्क्यावर पिएदाद मावशीने हात धरला.
"बाय, आग्नेलाचो फोन ना. एकुणीस दीस जाले."
आग्नेल तारवटी. आईचं इंटरनेटचं बिल
तोच भरतो, बोटीवरून, आमच्या ॲपमधून.
"तुमचेकडेन सगळ्यांचे पत्ते आसतात न्हय?"

असतात.
रात्री आधी करार उघडला. कलम सात:
ही माहिती रहदारीपुरतीच वापरावी.
अमुक माणूस, अमुक घर शोधायला
वापरू नये.

बाबांनी एक वर्ष मानस घेतली होती पावणीत.
कागदावर लिहिलेलं, दारापासून खुंट्यापर्यंत.
ओहोटी लागली की दार कुरकुरत उघडायचं,
सुंगटं जाळ्यात ओतल्यासारखी.
आणि एका रात्री खुंट्याच्या पल्याड, हातभरावर,
ताटाएवढं काळुंदर पाणी कापत फिरत राहिलं.
मी म्हटलं, बाबा, पाग टाका, कोण बघतंय.
ते विडी शोधत राहिले.
खिशात काडेपेटी होती, विडी नव्हती.

मी पाहिलं.
तक्ता म्हणाला, आग्नेल नॉर्वेत आहे,
एका कचेरीच्या पत्त्यावर,
कारण बोटीचं इंटरनेट आभाळातून येतं
आणि तक्त्याला बोट दिसत नाही,
तबकडीच्या मालकाचं गाव दिसतं.
त्रिज्या: दोनशे किलोमीटर.
शेवटचं लॉगिन: एकोणीस दिवसांपूर्वी.
कलम मोडून हाती आलं ते हे.

मग आमचीच वही उघडली, साधी, ग्राहकांच्या बिलांची.
फेर्नांदिश, पिएदाद. परवा भरलं.

पहाटेच्या फेरीत तिला सांगितलं.
"परवा?" तिने माशांची टोपली खाली ठेवली.
"बिलाक वेळ मेळटा? आवयक फोन करपाक मेळना?
येवंदी घरा."
दुसऱ्या धक्क्यापर्यंत ती त्याला शिव्या देत होती,
मोठ्याने, गालांवर रंग आलेला,
चार मोटरसायकलवाले ऐकत होते.

पैसे आपोआप कापले जातात का,
ते त्याच वहीत शेजारच्या रकान्यात असतं.
तो मी उघडला नाही.

महिनाअखेरीस तक्त्याची नवी आवृत्ती आली.
जुनी तीस दिवसांत पुसायची, हाही करारच.
पुसली.
नव्या तक्त्यात माझं घर थोडं सरकलंय,
अजून पाण्यातच आहे,
पण किनारा दिसतो.