अनिवार्य प्रतीक्षा

डिसेंबरात मी ग्वाल्हेरला येते
ती काही गजकेसाठी नाही, हे भाऊंना ठाऊक आहे.
खोटं मी सांगितलंच नव्हतं.
कार्ड सोनेरी राहायला वर्षाकाठी चार उड्डाणं लागतात,
त्यांच्याच विमानाची,
आणि ती विमानं लिस्बनला येत नाहीत.
दिल्ली-ग्वाल्हेर हा सगळ्यात स्वस्त तुकडा.
पाण्याची बाटली उघडावी, तोवर पट्टा बांधा म्हणतात;
तरी एक पूर्ण धरला जातो.

भाऊंनी नियमावली मागितली.
महालेखाकार कार्यालयात एकतीस वर्षं
दुसऱ्यांची प्रवासभत्त्याची बिलं तपासलेला माणूस.
चष्मा कपाळावर सारून
फोनवरची बारीक अक्षरं त्यांनी नाकाजवळ नेली.
"अर्हताकारी सेवा," म्हणाले, "पेन्शनसारखंच की हे.
पोफळ्यांचे अकरा दिवस कमी भरले होते.
जन्मभर सांगत हिंडले."

मग कपाटातून स्वतःची डायरी काढली.
मार्च : निरंक.
जून : निरंक.
सप्टेंबर : उड्डाणं दोन, रात्र एक.
डिसेंबर : उड्डाणं दोन, रात्र एक (प्रस्तावित).
प्रत्येक ओळीपुढे हिरव्या पेन्सिलीची खूण.
शेरा कुठेच नव्हता.
लेखापरीक्षकानं शेरा न मारणं म्हणजे काय,
ते त्या घरात वाढलेल्यालाच कळतं.

एकतीस तारखेला गच्चीवरून किल्ला दिसेना.
एवढा मोठा किल्ला,
रात्रीतून कुणी उचलून नेल्यासारखा.
"कोहरा है बिटिया, रुक जाओ,"
समोरच्या बिरथरेकाकू न दिसताच बोलल्या.
मी गेले.
महाराजपुऱ्याच्या त्या नव्या कोऱ्या टर्मिनलात
पाटीवर उशीर, उशीर, आणखी उशीर,
मग दुपारी चारला रद्द.
काउंटरवरचा मुलगा हातावर फुंकर घालत म्हणाला,
"मॅडम, आज तो कबूतर भी नहीं उड़ रहे."
वर्ष संपायला आठ तास होते
आणि माझ्याकडे तीन होती.

जीवाजीगंजात परतले तेव्हा
कुकरमध्ये खिचडी दोघांची होती.
विचारलं तर म्हणाले, माप चुकलं.
तांदळाचं माप भाऊंचं
आई गेल्यापासून एकदाही चुकलेलं नाही.

जेवल्यावर त्यांनी मजकूर सांगितला, मी टाइप केला.
विषय : रद्द झालेले उड्डाण पात्रतेत धरणेबाबत.
महोदय, सदर प्रवासी नियत वेळी, सामानासह, हजर होती.
विमान उपलब्ध करून देणे ही आपली बाब.
कर्मचारी हजर असता नेमणुकीचे ठिकाण न मिळाल्यास
त्या काळास अनिवार्य प्रतीक्षा म्हणतात,
आणि अनिवार्य प्रतीक्षा
कर्तव्यावर घालवलेला काळ समजला जातो.
सारं तस्संच इंग्रजीत उतरवायला लावलं.
'सामानासह' गाळू दिलं नाही.
बाराला कुठेतरी फटाके वाजले, धुक्यात, ओले.
भाऊ म्हणाले, "पाठवलंस? वेळ नोंदव."

उत्तर फेब्रुवारीत आलं. खेद होता, दोन ओळी.
कार्ड आता चांदीचं.
परवा दिल्लीत आतल्या मऊ खुर्च्यांच्या दारावरून
हसून परत पाठवलं मला.
गेटापाशी लोखंडी बाकावर बसून फोन लावला.
"आलं का काही?"
"विचाराधीन आहे," मी म्हटलं.
"बरं. मग स्मरणपत्र घाल. तोंडी चालत नाही."

तेव्हापासून दर रविवारी विचारतात.
गेल्या खेपेला मी म्हटलं, स्मरणपत्र क्रमांक चार, कालच.
पलीकडे थोडा वेळ काही नाही,
मग पेन्सिल टोकल्याचा आवाज.
"हं, सांग. तारीख?"